‘मी बाई नव्हे का?’: सोजर्नर ट्रुथ यांच्या १८५१ मधील भाषणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन या गावी, गुलामगिरीतून सुटलेल्या एका स्त्रीने केलेले छोटेखानी भाषण आज वंशभेद आणि स्त्रियांचे हक्क या दोन्ही विषयांवरील चर्चेत हमखास उद्धृत केले जाते. त्याविषयी वाचकांना पडणारे प्रश्न बहुधा दोन प्रकारचे असतात. त्या भाषणात नेमके काय म्हटले होते, हा एक. आणि जे म्हटले म्हणून छापले जाते ते खरोखर म्हटले गेले होते का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याला बरेच वळण देते, म्हणून दोन्ही येथे एकत्र घेतले आहेत.

हे भाषण केव्हा आणि कोठे झाले?

२८ आणि २९ मे १८५१ रोजी ॲक्रन येथील एका चर्चमध्ये ओहायो राज्याची स्त्रीहक्क परिषद भरली होती, तिच्यात. अध्यक्षस्थानी फ्रान्सिस डाना गेज होत्या. अमेरिकेतील पहिली स्त्रीहक्क परिषद सेनेका फॉल्स येथे १८४८ मध्ये झाली होती, म्हणजे चळवळ अजून तीन वर्षांचीही झालेली नव्हती. आणि पळून गेलेल्या गुलामांना उत्तरेकडील राज्यांतूनही पकडून मालकाच्या हवाली करण्याची सक्ती करणारा कायदा आदल्याच वर्षी, १८५० मध्ये, झाला होता.

भाषणाचा मुख्य विचार थोडक्यात कोणता?

स्त्रिया नाजूक असतात, त्यांना जपावे लागते, म्हणून त्यांना हक्क देता येत नाहीत, असे त्या काळी सर्रास सांगितले जाई. ट्रुथ यांनी या विधानाचा प्रतिवाद तत्त्वचर्चेने केला नाही. त्यांनी स्वतःचे आयुष्यच पुराव्यादाखल पुढे ठेवले: मी नांगर धरला आहे, कापणी केली आहे, कणसे सोलली आहेत, लाकूड फोडले आहे, गवत कापले आहे, यापेक्षा जास्त कोणता पुरुष करतो? याचा सरळ अर्थ असा की ‘स्त्री नाजूक असते’ हे वाक्य सगळ्या स्त्रियांविषयी कधी नव्हतेच. ते घरात सुरक्षित राहू शकणाऱ्या गोऱ्या स्त्रीकडे पाहून बनवलेले होते. जी स्त्री शेतात राबत होती आणि जिची विक्री होत होती, तिला त्या वाक्यातील संरक्षण मिळाले नाही. त्या वाक्यामुळे नाकारलेले हक्क मात्र तिलाही नाकारले गेले.

सोजर्नर ट्रुथ कोण होत्या?

त्यांचे जन्मनाव इझाबेला. जन्म सुमारे १७९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अल्स्टर परगण्यात, डच भाषा बोलणाऱ्या मालकाच्या घरी झाला. गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिणेतील कापसाचे मळे येतात. परंतु इझाबेला उत्तरेतील गुलाम होती आणि तिची पहिली भाषा डच होती. हा तपशील पुढे फार कामाचा ठरणार आहे. साधारण नऊ वर्षांची असताना तिचा लिलाव झाला. मेंढ्यांच्या एका कळपासह तिची किंमत १०० डॉलर ठरली. नव्या मालकांना इंग्रजीखेरीज भाषा येत नव्हती, तिला डचखेरीज येत नव्हती. सांगितलेले काम समजले नाही की मार बसे.

आणखी दोनदा विकली गेल्यावर ती १८१० मध्ये जॉन ड्युमाँट या शेतकऱ्याकडे आली आणि तेथे सोळा वर्षे राबली. न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी ४ जुलै १८२७ रोजी संपायची होती. त्याआधी वर्षभर तुला मोकळी करीन, असे ड्युमाँटने कबूल केले होते. पण हाताच्या दुखण्यामुळे तुझे काम कमी भरले, असे कारण काढून त्याने शब्द फिरवला. इझाबेलाने आपल्या हिशेबाने राहिलेले काम फेडण्यासाठी सुमारे १०० पौंड लोकर कातून दिली, आणि १८२६ च्या अखेरीस एका पहाटे तान्ह्या मुलीला घेऊन घर सोडले. पळून जाण्यापूर्वी मालकाचे देणे चुकते करणाऱ्या या बाईचा हिशेबीपणा पुढे तिच्या भाषणातही दिसतो.

तिचा मुलगा पीटर कायदा मोडून राज्याबाहेर विकला गेला होता आणि अलाबामात पोहोचला होता. तिने कोर्टात दाद मागितली आणि १८२८ मध्ये मुलगा परत मिळवला. एका कृष्णवर्णीय स्त्रीने गोऱ्या माणसाविरुद्ध जिंकलेल्या अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या खटल्यांत त्याची गणना होते. १ जून १८४३ रोजी तिने स्वतःचे नाव बदलून सोजर्नर ट्रुथ असे घेतले. सोजर्नर म्हणजे मुक्कामापुरती थांबणारी वाटसरू, आणि ट्रुथ म्हणजे सत्य. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन त्यांनी ऑलिव्ह गिल्बर्ट यांना तोंडी सांगितले होते.

त्यांनी लिहिले नाही, तर भाषण आपल्यापर्यंत पोहोचले कसे?

दुसऱ्यांच्या लेखणीतून, आणि प्रामुख्याने दोन पाठांतून. पहिला पाठ मारियस रॉबिन्सन यांचा. ते परिषदेत हजर होते आणि ‘अँटी-स्लेव्हरी ब्यूगल’ या गुलामगिरीविरोधी पत्राचे संपादक होते. त्यांनी तो २१ जून १८५१ रोजी, म्हणजे महिन्याच्या आत, छापला. दुसरा पाठ अध्यक्षा गेज यांचा. तो २३ एप्रिल १८६३ रोजी, सुमारे बारा वर्षांनी, न्यूयॉर्कमधील एका साप्ताहिकात आला. जगभर प्रसिद्ध आहे तो हा दुसरा.

‘मी बाई नव्हे का?’ हे वाक्य त्या खरोखर बोलल्या होत्या का?

बहुधा नाही. रॉबिन्सन यांच्या पाठात हे वाक्य एकदाही येत नाही; गेज यांच्या पाठात ते चार वेळा येते. भाषणाचे पालुपद म्हणून जे चार वेळा घुमले असेल, ते हजर असलेल्या, वक्त्याशी सहानुभूती असलेल्या संपादकाला महिनाभरात विसरता येईल, हे पटण्यासारखे नाही. शिवाय हे शब्द हवेतून आलेले नव्हते. ‘मी माणूस आणि भाऊ नव्हे का?’ असा प्रश्न कोरलेली, साखळदंडातील गुडघे टेकलेल्या गुलामाची मुद्रा १७८७ मध्ये इंग्लंडात निघाली होती, आणि तिच्यावरून घेतलेले ‘मी स्त्री आणि बहीण नव्हे का?’ हे बोधवाक्य अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी स्त्रिया १८३० च्या दशकापासून वापरत होत्या. गेज यांच्या कानात ते असणे अगदी स्वाभाविक होते.

गेज यांच्या पाठात आणखीही अडचणी आहेत. त्यांनी ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेतील मळ्यांवरील गुलामांची म्हणून समजली जाणारी बोली घातली आहे. डच बोलत वाढलेली न्यूयॉर्कची बाई तशी बोलण्याचे काही कारण नव्हते. ‘मी तेरा मुलांना जन्म दिला आणि जवळजवळ सगळी विकली गेलेली पाहिली’ असेही त्यात आहे. प्रत्यक्षात ट्रुथ यांना पाच मुले होती. आपल्या आईला दहा-बारा मुले झाली आणि त्यांतील बहुतेक तिच्यापासून तोडून विकली गेली, असे मात्र त्यांच्या आत्मकथनात आहे; ते दुःख एका पिढीने खाली सरकले असावे, असे मला वाटते. सभागृह विरोधकांनी खदखदत होते आणि ट्रुथ यांना बोलू देऊ नका असे लोक अध्यक्षांच्या कानात सांगत होते, हे गेज यांचे नाट्यमय वर्णनही त्या वेळच्या वृत्तांतांशी जुळत नाही. इतिहासकार नेल आयर्विन पेंटर यांनी १९९६ च्या चरित्रात या साऱ्याची बारकाईने छाननी केली आहे.

मग गेज यांचा पाठ खोटा म्हणून टाकून द्यायचा का?

तसे करणे घाईचे होईल. गेज त्या दिवशी तेथे होत्या, आणि दोन्ही पाठांतील कितीतरी मुद्दे एकच आहेत: पुरुषाच्या बरोबरीचे श्रम, मापाचा दृष्टांत, बायबलमधील पहिली स्त्री हव्वा, येशूचा जन्म. बग्गीत चढताना आणि चिखलातून जाताना स्त्रियांना हात द्यावा लागतो असे पुरुष म्हणतात, पण मला कधी कोणी हात दिला नाही, हा प्रसिद्ध भाग केवळ गेज यांच्या पाठात आहे. तो शब्दशः ट्रुथ यांचा असेल किंवा नसेल, पण त्यांच्या युक्तिवादाच्या विरुद्ध जाणारा नाही. १८६३ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, आणि त्याच महिन्यात हॅरिएट बीचर स्टोव यांचा ट्रुथ यांच्यावरील लेख एका प्रतिष्ठित मासिकात गाजत होता; गेज यांना आपल्याही आठवणी सांगण्याची ऊर्मी तेव्हा आली. हे ध्यानात ठेवून वाचले तर हा पाठ १८५१ पेक्षा १८६३ ची साक्ष अधिक देतो.

माझ्या मते मोठा फरक शब्दांचा नसून पवित्र्याचा आहे. रॉबिन्सन यांच्या पाठात ट्रुथ प्रश्न विचारून मान्यता मागत नाहीत. सुरुवातीलाच त्या म्हणतात की मी स्वतःच स्त्रियांचे हक्क आहे. व्याकरणाला थोडा अडखळवणारे हे वाक्य आहे, आणि म्हणूनच ते कानाने टिपलेले वाटते.

त्या वेळी विरोधकांचे म्हणणे नेमके काय होते?

गेज यांच्या सांगण्यानुसार परिषदेत आलेल्या धर्मोपदेशकांनी तीन मुद्दे मांडले: पुरुषाची बुद्धी श्रेष्ठ आहे, ख्रिस्त पुरुष होता, आणि पहिले पाप हव्वेने केले. हे तीन मुद्दे त्या काळी इतके रूढ होते की ते त्या दिवशी मोठ्याने बोलले गेले नसते तरी प्रत्येकाला ठाऊक होते. ट्रुथ यांच्या भाषणात तिघांनाही उत्तर आहे, आणि प्रत्येक उत्तर एक-दोन वाक्यांचे आहे.

मापाचा दृष्टांत काय आहे?

मूळ मापे पिंट आणि क्वार्ट अशी आहेत. दोन पिंटांचा एक क्वार्ट. आपल्याकडील जुन्या मापांत हे प्रमाण अच्छेर आणि शेर असे बरोबर बसते. ट्रुथ म्हणतात: बुद्धीचे म्हणाल, तर बाईची अच्छेरभर आणि पुरुषाची शेरभर असे धरून चालू, पण मग तिचे ते इवलेसे अच्छेर तरी काठोकाठ का भरू नये? आणि लगेच पुढे: आम्हाला हक्क द्यायला घाबरू नका, आम्ही जास्त घेऊ म्हणून, आमच्या अच्छेरात मावेल त्याहून जास्त आम्हाला घेताच येणार नाही.

हे उत्तर वरवर शरणागतीसारखे दिसते. प्रत्यक्षात प्रतिपक्षाचे म्हणणे वादापुरते मान्य करून त्यातूनच त्याला अडचणीत आणण्याची ही रीत आहे. बुद्धी समान आहे की नाही हा वाद त्या घालतच नाहीत, कारण तो वाद कधी संपत नाही आणि तो चालू असेपर्यंत हक्क मिळत नाहीत. हक्क हे बुद्धीच्या मोजमापाचे बक्षीस नाही, प्रत्येकाचे भांडे त्याच्या मापाने भरले पाहिजे, एवढे त्यांना पुरेसे आहे. शेवटी मारलेला टोला असा की समोरच्याची भीती आणि त्याचा दावा एकमेकांशी विसंगत आहेत: भांडे खरोखर एवढे लहान असेल, तर मग भीती कशाची?

बायबलचा आधार त्यांनी कसा वापरला?

मला वाचता येत नाही, पण ऐकता येते, अशी सुरुवात करून त्या हव्वेकडे वळतात. बाईने जग उलथेपालथे केले असेल, तर ते पुन्हा सुलटे करण्याची संधीही तिला द्या. लाजर मेला तेव्हा मरीया आणि मार्था या त्याच्या बहिणी येशूकडे आल्या, त्यांना त्याने झिडकारले नाही, तो रडला आणि लाजर उठून बाहेर आला. आणि येशू जगात आला कसा? ज्याने निर्माण केले त्या देवामुळे आणि जिने जन्म दिला त्या बाईमुळे. ‘पुरुषा, यात तुझा वाटा कुठे आहे?’ हा सवाल धर्मोपदेशकांच्या देशात, चर्चच्याच छपराखाली, एका निरक्षर बाईने विचारावा, यातील धार आज वाचतानाही बोथट झालेली नाही.

वंशभेदाचा मुद्दा मूळ पाठात स्पष्ट आहे का?

वाटतो तेवढा नाही. रॉबिन्सन यांच्या पाठात ‘काळी स्त्री’ आणि ‘गोरी स्त्री’ अशी उघड तुलना नाही. ती गेज यांच्या पाठातील बग्गीच्या उताऱ्याने ठळक झाली. मूळ पाठात वंश येतो तो श्रमांच्या यादीतून आणि बोलणाऱ्या व्यक्तीतून. नांगरणी-कापणीची ती यादी गोऱ्या मध्यमवर्गीय वक्तीने वाचली असती तर ती पोकळ वाटली असती. भाषण कागदावर उतरवणे अशक्य आहे, त्यांचा भक्कम बांधा, मनापासूनचे हातवारे आणि खणखणीत आवाज ज्यांनी अनुभवला त्यांनाच त्याचा परिणाम कळेल, असे स्वतः रॉबिन्सन यांनीच नोंदवले आहे.

गुलामगिरीचा उघड उल्लेख शेवटच्या वाक्यात येतो. पुरुष पेचात सापडला आहे, एकीकडून बिचारा गुलाम त्याच्यावर चालून येतो आहे, दुसरीकडून बाई येते आहे, तो ससाणा आणि गिधाड यांच्यामध्ये अडकला आहे. मराठीत इकडे आड तिकडे विहीर म्हणता येईल. पण आड आणि विहीर जागच्या जागी असतात, हे दोन पक्षी झेपावत येतात. दोन चळवळी एकाच सत्तेवर दोन बाजूंनी येत आहेत, हा राजकीय अंदाज त्यांनी या चित्रात बसवला होता.

दोन्ही चळवळी पुढे एकत्र राहिल्या का?

नाही, आणि भाषणाचा विचार खरा कसाला लागला तो तेथे. गुलामगिरी संपल्यावर प्रश्न आला की मताधिकार आधी कोणाला: काळ्या पुरुषांना की स्त्रियांना? मे १८६७ मध्ये न्यूयॉर्क येथे, समान हक्कांसाठी स्थापन झालेल्या संघटनेच्या सभेत, ट्रुथ म्हणाल्या की काळ्या पुरुषांच्या हक्कांची खूप चर्चा चालली आहे, पण काळ्या स्त्रियांविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. पुरुषांना हक्क मिळाले आणि स्त्रियांना मिळाले नाहीत, तर पुरुष स्त्रियांचे मालक होतील आणि पूर्वीइतकेच वाईट होईल. त्याच सभेत त्यांनी मजुरीचाही हिशेब मांडला: मी शेतात पिकाच्या पेंढ्या बांधत कापणाऱ्या पुरुषाच्या बरोबरीने चालत असे, पण तेवढ्याच कामाला पुरुषांना दुप्पट पैसे मिळत.

१८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत मतदारांच्या संदर्भात ‘पुरुष’ हा शब्द प्रथमच संविधानात आला. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. लिंगाचा उल्लेख तिच्यात नव्हता. या प्रश्नावर स्त्रीमताधिकाराची चळवळ १८६९ मध्ये फुटली, आणि काही गोऱ्या नेत्यांच्या तोंडून काळ्या पुरुषांविषयी वंशद्वेषी भाषाही निघाली. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे १८७२ च्या निवडणुकीत ट्रुथ मतदानाला गेल्या आणि त्यांना परत पाठवण्यात आले. २६ नोव्हेंबर १८८३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. स्त्रियांना देशभर मताधिकार देणारी एकोणिसावी दुरुस्ती १९२० मध्ये आली.

या भाषणाचा आजच्या स्त्रीवादी विचाराशी संबंध कसा जोडला जातो?

एकाच व्यक्तीवर वंश आणि लिंग हे दोन अन्याय एकदम होत असतील, तर ते वेगवेगळे मोजून बेरीज करता येत नाहीत, या विचाराला किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासिकेने १९८९ मध्ये ‘इंटरसेक्शनॅलिटी’ असे नाव दिले, आणि त्या लेखात त्यांनी ट्रुथ यांच्या भाषणाचा आधार घेतला. तेथे वापरलेला पाठ गेज यांच्या वळणाचा आहे, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

ट्रुथ यांच्याशी थेट नाही. अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी लढ्याशी मात्र आहे: जोतीराव फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा अर्पणपत्रिकेत व्यक्त केली.

संबंध नव्हे, पण समांतर उदाहरण मात्र लक्षवेधी आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १८५५ मध्ये, ॲक्रननंतर चारच वर्षांनी, छापला गेला. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, थंडी-पावसात त्यांचे काय होत असेल याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असे ती त्यात सांगते. बाळंतपण सगळ्या स्त्रियांचे सारखे नसते, ही गोष्ट तिला कोणत्याही परदेशी भाषणातून शिकावी लागली नव्हती.

मराठीत ‘स्त्री’ म्हणावे की ‘बाई’?

‘बाई’. ‘मी स्त्री नाही का?’ हे व्यासपीठावरचे मराठी वाटते. शिवाय ‘स्त्री’ या शब्दाला जी प्रतिष्ठा चिकटलेली आहे, ती नाकारली गेलेली व्यक्तीच येथे बोलत आहे. ‘बाईमाणूस’ हा शब्दही सुचवला जातो, आणि तो वाईट नाही. पण ‘बाईमाणसाला जपावे लागते’ अशाच वाक्यांत तो अधिक येतो, म्हणजे ज्या समजुतीशी ट्रुथ भांडत होत्या ती त्याच्यात आधीच बसलेली आहे.

वर्गात शिकवायचे असल्यास कोणता पाठ घ्यावा?

आधी १८५१ चा, मग १८६३ चा, आणि दोन्ही एकाच तासाला. रॉबिन्सन यांचा पाठ मोठ्याने वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तो वाचून झाल्यावर मुलांना प्रसिद्ध वाक्य कुठे आहे ते शोधायला सांगावे. ते सापडत नाही, आणि चर्चा तेथूनच सुरू होते.